मॉक्साचा शेक: गरम नेमकं काय होतं?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "मॉक्साने अंगातली उष्णता वाढते का? आणि कोणत्या मॉक्साने जास्त?" प्रश्न साधा वाटतो. पण 'उष्णता' या एका शब्दात इथे तीन गोष्टी मिसळल्या आहेत: जळणाऱ्या वस्तूचं तापमान, त्वचेचं तापमान आणि शरीराच्या आतलं तापमान. आज आपण त्या सुट्या करू.

आधी वस्तू समजून घेऊ. मॉक्सा हा शब्द जपानी 'मोगुसा'वरून आला. चीन, जपान, कोरियात आर्टेमिसिया वनस्पतीची पानं वाळवून, कुटून, चाळून कापसासारखी करतात आणि ती जाळून शेक देतात. जोतिबाला आपण वाहतो तो दवणा याच वनस्पतीच्या भावकीतला, बरं का. चीनमध्ये जुना मॉक्सा चांगला मानतात. मेन्शियस या तत्त्वज्ञानेही त्याचा दाखला दिलाय: आधी साठवून ठेवला नसेल, तर आजारपणात तो आणायचा कुठून?

आता साहित्याचा फरक बघा. खूप चाळलेला, मऊ मॉक्सा झटकन आणि सौम्य जळतो. म्हणून जपानात त्याची तांदळाच्या दाण्याएवढी गोळी थेट त्वचेवर ठेवतात. भरड मॉक्सा जास्त तापतो. तो कांडीत किंवा सुईच्या टोकावर वापरतात. कोळसा केलेली बिनधुराची कांडी निखाऱ्यासारखी धगधगते, तिथे अंतर सांभाळावं लागतं. मध्ये आल्याची चकती ठेवली, तर तिच्यातलं पाणी आधी तापतं. शेक उशिरा लागतो आणि हळूहळू ओसरतो. बेंबीत मीठ भरून वर मॉक्सा ठेवण्याचीही पद्धत आहे. मिठात असं पाणी नसतं, म्हणून तिथे जास्त जपावं लागतं.

म्हणजे साहित्याने बदलतं ते काय? त्वचेपर्यंत किती उष्णता, किती वेगाने आणि किती वेळ पोचते, ते. सुश्रुतसंहितेतल्या अग्निकर्मातही हाच विचार आहे: त्वचेसाठी पिंपळी, बकरीची लेंडी वगैरे, मांसासाठी तापवलेले धातू, सांधे आणि हाडांसाठी मध, गूळ, तूप-तेल. जशी जागा, तसं साहित्य.

शरीराच्या आतलं तापमान मात्र साधारण ३७ अंशांच्या आसपास राहतं. त्वचा तापली की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त ती उष्णता वाहून नेतं; गरज पडली तर घाम येतो. आम्ही गुडघ्याला शेक घेतला तेव्हा आधी आणि नंतर थर्मामीटर लावून पाहिला. गुडघा हाताला चांगला गरम लागत होता, थर्मामीटरचा पारा होता तिथेच. एका गुडघ्यावरून सिद्धान्त होत नाही, हे मान्य! पण गुडघा गरम होणं आणि शरीर गरम होणं एक नव्हे, एवढं त्यातून दिसतं.

हा केवळ शब्दांचा कीस नाही. त्वचेतले वेदनेचे मज्जातंतू साधारण ४३ अंशांना इशारा देऊ लागतात. ४४ अंशांना त्वचा भाजायला सुमारे ६ तास लागतात, ६० अंशांना ५ सेकंद पुरतात. मधली राखण असते वेदनेची. आम्हाला बरीच वर्षं मधुमेह आहे, तळपाय बधिर झालेत. एकदा तळपायाला शेक घेताना काहीच जाणवेना, म्हणून आम्हीच म्हणालो, "कांडी अजून जवळ धरा." रात्री बघतो तर टपोरा फोड. जखम भरायला दोन महिने गेले. 'गरम लागत नाही' याचा अर्थ आम्ही 'गरम नाही' असा घेतला. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने!

म्हणून ज्यांचे पाय बधिर आहेत, त्यांनी तिथे शेक घेऊ नये. आणि कुणी म्हणालं, "याने उष्णता वाढते," तर आपण शांतपणे विचारावं: कशाची, कुठे आणि किती वेळ?

आज इथेच थांबू.