साकुराच्या झाडाखाली एक प्रश्न

वाचकहो, एप्रिलच्या सुट्टीला थोडी रजा जोडून आम्ही उभयतां कॅनडाला जाऊन आलो. आमची थोरली बहीण मार्कहॅमला राहते. हे शहर टोरांटोच्या उत्तरेला अगदी लागून आहे. स्टील्स ॲव्हेन्यू ओलांडली की टोरांटो सुरू होते. ताईने फोनवर आधीच बजावले होते, "गरम कपडे आण, आणि साकुरा फुलल्याशिवाय परत जायचे नाव काढू नकोस."

साकुरा म्हणजे जपानी चेरीचा फुलोरा. आपल्या बेटावर जपान म्हटले की अजून २०२० साली पॉइंट द'एस्नीच्या प्रवाळावर चढलेले 'वाकाशियो' जहाज आणि किनाऱ्यावरचे काळे तेल डोळ्यांपुढे येते. त्याच देशाच्या फुलांसाठी ताई इतकी हळवी का, हे आम्हांस कोडेच होते.

ताईच्या शेजारी एक वृद्ध जपानी बाई राहतात. एका रविवारी त्या आम्हांला आपल्या मंदिरात घेऊन गेल्या. शेपर्ड ॲव्हेन्यूवरच्या ह्या बौद्ध मंदिराचे नाव मात्र 'टोरांटो बुद्धिस्ट चर्च'! आम्ही हसू दाबले. आत मूर्ती नि धूप आहे, अमिदा बुद्धाचे नामस्मरण चालते. बसायला मात्र बाके, आणि उपासना रविवारी. परक्या मुलुखात आलेल्या माणसांनी शेजाऱ्याला कळेल असे नाव घेतले आणि आतला देव आपलाच ठेवला. आठ एप्रिलच्या सुमारास येथे बुद्धजन्माचा उत्सव होतो. फुलांनी सजवलेल्या मखरात बालबुद्धाची छोटी मूर्ती ठेवून तिच्यावर गोड चहा ओततात. आमच्या सौभाग्यवती चटकन म्हणाल्या, "अहो, हा तर आपला रामनवमीचा पाळणा!" शिंतो देवस्थानांची रीत वेगळी, असे बाईंनी सांगितले. तेथे तोरी नावाच्या कमानीतून आत जायचे, हात धुवायचे, तोंड खळखळायचे, दोनदा वाकून दोन टाळ्या वाजवायच्या आणि पुन्हा एकदा वाकायचे. आपण घंटा वाजवतो, ते टाळी वाजवतात.

चार दिवसांनी फुले उमलल्याची बातमी आली. युनियनव्हिलहून गाडीने युनियन स्टेशन, तेथून भुयारी रेल्वेने हाय पार्क. बहराच्या दिवसांत उद्यानात मोटारी सोडत नाहीत, हे फार बरे करतात. ग्रेनेडियर तळ्याकडे उतरणाऱ्या टेकडीवर आलो आणि आम्ही बोलायचेच थांबलो. पान एकही नाही, नुसती फिकट गुलाबी फुले. आपला फ्लांब्वायां डिसेंबरभर पेटलेला असतो. हा बहर कसाबसा आठवडाभर टिकतो, पाऊसवारा आला तर तेवढाही नाही. २०१६ साली थंडीने कळ्या करपल्या व फुले जवळजवळ आलीच नाहीत. २०२० साली महामारीमुळे बाग बंद होती, लोकांनी फुले घरी बसून पडद्यावर पाहिली.

ह्या जातीचे नाव सोमेई-योशिनो. ती बी पेरून जशीच्या तशी मिळत नाही. सगळी झाडे एकाच मूळ झाडाची कलमे, म्हणून एका जागची सगळी एकदमच फुलतात. (पाचवीच्या वर्गाला हे सांगायचे आम्ही तेथेच ठरवले.)

तेथे एक पाटी आहे. १ एप्रिल १९५९ रोजी जपानचे राजदूत तोरु हागिवारा ह्यांनी टोकियोच्या नागरिकांच्या वतीने टोरांटोला २,००० झाडे भेट दिली. युद्धानंतर विस्थापित जपानी-कॅनेडियन लोकांना ह्या शहराने जागा दिली, त्याबद्दलची ही कृतज्ञता. आमची पंधरा वर्षांची भाची पाटी वाचून म्हणाली, "मामा, आभार कशाचे? त्यांना हाकलले तर ह्याच देशाने!" तिने शाळेत ह्यावर निबंध लिहिला होता. १९४२ साली ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरून सुमारे २२,००० जपानी वंशाच्या लोकांना उठवले. त्यांतले बहुतेक कॅनडाचेच नागरिक. त्यांची घरे, मासेमारीच्या होड्या सरकारने विकून टाकल्या. युद्ध संपत आल्यावर सांगितले, रॉकी पर्वताच्या पूर्वेला जा, नाहीतर जपानला. किनाऱ्यावर परतण्याची बंदी उठली १ एप्रिल १९४९ रोजी, म्हणजे ह्या भेटीच्या बरोबर दहा वर्षे आधी. सरकारने माफी मागितली ती १९८८ साली.

आम्ही मास्तर, पण पोरीला उत्तर देता आले नाही. शेजारच्या बाई ऐकत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "माझ्या आईला हे झाड आवडायचे. पाटी तिने कधी वाचली नाही."

परतताना गाडीत भाचीने दुसरा प्रश्न टाकला, इंग्रजीत सुरू करून आमच्यासाठी क्रेओलमध्ये संपवला. आपल्या घराण्यातला पहिला माणूस मॉरिशसला कोणत्या जहाजाने आला? आम्ही म्हणालो, रत्नागिरीकडचा, मुंबईहून. "ते ठाऊक आहे मामा. जहाज कोणते? साल कोणते?" ताईने आमच्याकडे पाहिले, आम्ही खिडकीबाहेर. दरवर्षी दोन नोव्हेंबरला आम्ही मुलांना आप्रवासी घाटाच्या पायऱ्या आणि १८३४ सालचे 'ॲटलास' जहाज शिकवतो, आणि स्वतःच्या घरचे जहाज ठाऊक नाही!

परत आल्यावर पहिल्या मोकळ्या दिवशी मोकाला गेलो. तेथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांच्या जुन्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. आमच्याजवळचा दाखला पुरेसा मागे जाईना, तो आजोबांचा निघाला. त्याहून जुने कागद वाक्वाच्या काकींच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत असे कळते. ह्या रविवारी तिकडे जायचे आहे. भाचीने दोनदा फोन करून विचारले.