कोडला दिसणारा नंबर, कोडपासून लपवलेला नंबर
आज बोलूया मशीनच्या ओळखीबद्दल, म्हणजे फॅक्टरीतच मिळालेल्या नंबराबद्दल.

विंडोज लॅपटॉपवर तो कोडने वाचणं सोपं. पॉवरशेलमध्ये ‘विन३२ बायोस’ या क्लासला विचारलं की सीरियल नंबर समोर. असेंबल केलेल्या पीसीवर मात्र कधी कधी ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ एवढंच येतं, कारण ती जागा कोणी भरलेलीच नसते!

फोनचं तसं नाही. सप्टेंबर २०१९मध्ये आलेल्या अँड्रॉइड १०पासून साध्या अ‍ॅपला आयएमईआय वाचताच येत नाही. मला हे पटतं. हा नंबर फोन रिसेट करूनही बदलत नाही. तो मिळाला तर अ‍ॅप कायम तुमचा माग काढू शकेल. त्याऐवजी अ‍ॅपला ‘अँड्रॉइड आयडी’ मिळतो, जो फॅक्टरी रिसेटनंतर बदलतो.

पण घाटकोपरला मेट्रोतून उतरून गर्दीत लोकल पकडताना फोन मारला गेला तर? तेव्हा आयएमईआयच लागतो, आणि तो सांगणारा फोनच हातात नसतो.

म्हणून आत्ताच *#०६# डायल करा. १५ अंकी नंबर दिसेल. दोन सिमच्या फोनला दोन. कागदावर उतरवून घरी ठेवा. चोरी झालीच तर आधी पोलिसांत तक्रार, मग त्या तक्रारीची प्रत जोडून ‘संचार साथी’ पोर्टलवर फोन ब्लॉक करायचा. ही ब्लॉक करायची सोय मुंबईत सुरू झाली तीही त्याच सप्टेंबर २०१९मध्ये.

ऐकताय ना? मग पॉज करा आणि नंबर लिहून घ्या. भेटू पुढच्या भागात!