आता कशावर चाललंय?

संध्याकाळचे साडेसहा. दिवाळी आठ दिवसांवर आलीय आणि पेठेतल्या या गिरणीत पाय ठेवायला जागा नाही. भिंती, पट्टा, देवाची तसबीर, गिरणीवाल्या दादांच्या भुवया, सगळ्यावर पिठाचा थर. भाजणीचा खमंग वास रस्त्यापर्यंत पसरलाय. डब्यांची रांग पायरी उतरून खाली आलेली.

"दादा, आता कशावर चाललंय?" आत येणारी प्रत्येक बाई आधी हेच विचारते. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी; चकलीची भाजणी डाळीवरच हवी. बाजरीवर कुणी गहू टाकू देत नाही. दादा न चिडता प्रत्येकीला सांगतात, ओरडून, कारण घरघरीत दुसरं काही ऐकूच येत नाही.

माझंही पाच किलोचं दळण रांगेत आहे. घरी पोचवणारा मुलगा मिळतो, तरी मी स्वतःच येते. माझ्या दोन कथा याच पायरीवर सुरू झाल्या. जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपण सहज बोलून जातो. मला ती म्हण अक्षरशः खरी वाटते. असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरची, शेतातली कामं करताना त्यांना गाणी सुचायची. टिपून ठेवलेली ती गाणी त्या गेल्यावर, १९५२ साली, पुस्तकात आली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. माहेर, भाऊ, सासू, विठोबा. विषय कुठून आणायचे, हा प्रश्न त्या ओव्या गाणाऱ्या बायकांतल्या एकीला तरी पडला असेल का? समोर दाणे होते, हाताला खुंटा होता, पोटात बोलायचं साठलेलं होतं.

एवढ्यात लाइट जाते.

पट्टा फडफडत थांबतो. इतका वेळ ओरडून चाललेलं बोलणं एकदम उघडं पडतं. कोपऱ्यातल्या एका बाईचं अर्धं वाक्य सगळ्या गिरणीला ऐकू जातं. ते मी इथे लिहीत नाही. ते तिच्या घरचं आहे. पण त्यानंतर ती जे करते त्यावरून माझी नजर हलत नाही. डब्याचं झाकण घट्ट बसलेलं आहे, तरी ती ते तळव्यानं पुन्हा पुन्हा दाबतेय. बाकीच्या बायका मुद्दाम रस्त्याकडे बघतात. कुणीतरी चकलीच्या मोहनाचा विषय काढतं, आणि सगळ्या त्यावर तुटून पडतात. किती मायेनं तिला झाकून घेतात या बायका!

दादा मोबाइलचा उजेड डब्यांवर धरतात. कडेला ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली नावं चमकतात. 'मामाकडून.' 'बारशानिमित्त.' एका पितळी डब्यापाशी मी वाकते. तारीख स्वच्छ वाचता येते, १४-५-१९७६. वरचं नाव मात्र खिळ्यानं, चांगला जोर लावून, खरवडलेलं.

"कुणाचा रे हा?"

"आमचा. आजीचा," पायरीवरचा दहा-बारा वर्षांचा मुलगा म्हणतो.

"नाव कुणी खोडलं?"

"आजीनंच."

"का?"

तो सरकून जवळ येतो. बहुतेक त्याला हे कुणी आजवर विचारलेलंच नाही. "ते ना, एकदा काय झालं..."

लाइट येते. जातं घरघरू लागतं, पट्टा वेग घेतो. मुलगा सांगतोच आहे. ओठ हलताहेत, डोळे मोठे झालेत. हातांनी तो काहीतरी उंच, दारासारखं दाखवतो, मग ते बंद करून दाखवतो. मला एक अक्षर ऐकू येत नाही. मी मान डोलावते आणि बघत राहते.

दादा पितळी डबा उचलतात, वर ओततात. गहू आहे. गव्हावरच.