बेडका बाहेर कसा काढावा?

थंडी पडली की पहाटे घरोघरी खोकला ऐकू येतो. खोकून खोकून माणूस घामाघूम होतो, बरगड्या दुखतात, पण छातीतला बेडका काही सुटत नाही.

असे का होते? आपल्या जालना जिल्ह्यात पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या यांवर चुली पेटतात. बाया वर्षानुवर्षे त्या धुरात बसतात. गड्यांना बिडी असते. कुणी जिनिंगमध्ये कापसाची धूळ खातो. या सगळ्याने छातीतल्या हवेच्या नळ्या सुजतात, अरुंद होतात. त्यांत कफ साचतो. बिडीला कधी हात न लावलेल्या बाईलाही हा रोग होतो, बरं का!

आता जोराने खोकलात तर या कमजोर नळ्या दाबल्या जातात. बेडका मागेच अडकतो. मोसंबीच्या बागेत ठिबकची नळी तुंबली तर तुम्ही काय करता? टोकाचे बूच काढता आणि मागून पाणी सोडता. नळी दाबून धरली तर गाळ निघेल का? तसेच हे. हवा बेडक्याच्या मागे गेली पाहिजे.

त्याची रीत अशी. ताठ बसा. खांदे सैल सोडा. हात पोटावर ठेवा. पाच-सहा वेळा सावकाश श्वास घ्या. मग नाकाने खोल श्वास घ्या, मनात एक, दोन, तीन म्हणा, आणि अलगद सोडा. असे तीन-चार वेळा करा. श्वास धरल्याने हवा आडवाटेने बेडक्यामागे शिरते. पुन्हा थोडा वेळ साधा श्वास घ्या.

आता आरशावर वाफ धरतो ना, तसे तोंड उघडून लांब 'हाऽऽ' करा. जोर गळ्याचा नको, पोटाचा हवा. एक-दोनदाच करा. बेडका वर आलासा वाटला की मोठा श्वास घेऊन आखूड 'हा' करा, मग एकदा खोका. दम घ्या आणि पुन्हा पहिल्यापासून करा. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. थकवा आला तर आधीच थांबा. जेवल्याबरोबर मात्र करू नये.

'हा' करण्याची ही रीत १९६८ साली न्यूझीलंड देशात दमेकऱ्यांसाठी छापून आली. पुढे लंडनच्या ब्रॉम्प्टन इस्पितळाने ती नीट बसवली. याला पैसा लागत नाही. पण डॉक्टरांनी दिलेला पंप सोडू नका, आणि बिडी सोडाच.

बेडका अंगणात थुंकू नका. झाकणाच्या डब्यात थुंका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. ती फुकट तपासतात. थुंकीत रक्त दिसले तर तपासणीपर्यंत हा व्यायाम बंद. ओठ निळे पडले, बोलताना दम लागला, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.