चोखणी सोडवताना

खुरपणीला जाताना लेकरू आजीजवळ नाहीतर थोरल्या बहिणीजवळ ठेवावं लागतं. ते रडायला लागलं की तोंडात चोखणी दिली जाते आणि घर शांत होतं. यात आईला बोल लावण्यासारखं काही नाही. चोखणं ही बाळाची उपजत ओढ आहे, त्यानं त्याला धीर मिळतो. पण लेकरू चालू-बोलू लागलं, तरी चोखणी तोंडातच असेल, तर ती सोडवायला हवी. ती कशी सोडवायची, ते आज पाहू.

आधी, का सोडवायची? मातीत पडलेली चोखणी पदराला पुसून परत तोंडात जाते. त्यातून जुलाब होऊ शकतात. चोखणीची सवय असलेल्या मुलांचे कानही जास्त वेळा दुखतात. सवय तीन-चार वर्षांपर्यंत राहिली, तर पुढचे दात बाहेर येतात आणि वरचे-खालचे दात नीट मिटत नाहीत. म्हणून दुसऱ्या वर्षातच सुरुवात करावी.

पहिला आठवडा चोखणी फक्त झोपेपुरती ठेवा. जागेपणी हाताला खेळ द्या: वाटी-चमचा, डबा-झाकण. रडलं तर आधी भूक, तहान, ओले कपडे, झोप हे बघा. मग दुपारच्या झोपेची चोखणी बंद करा आणि शेवटी रात्रीची. तिच्या जागी थोपटणं, अंगाई, आईच्या जुन्या लुगड्याची मऊ गोधडी द्या. लेकराला हवा असतो तो धीर. तो आपल्या हातांतूनही मिळतो.

सुरुवातीच्या काही रात्री रडारड होईल. तिसऱ्या रात्री कुणी कळवळून चोखणी दिली, तर लेकरू एवढंच शिकतं की खूप रडलं की मिळते. म्हणून सासूबाई, नणंद, बाळाचे वडील, सगळ्यांशी आधी बोलून घ्या. लेकरू आजारी असताना, घरात नवं बाळ आलेलं असताना किंवा ऐन लावणीच्या धांदलीत हे काम काढू नका.

चोखणीला मिरची किंवा कडू रस लावू नका. तोंड, डोळे झोंबतात आणि लेकरू घाबरतं. गूळ-साखरेत बुडवून देऊ नका, दात किडतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर चाटवायचाच नाही, त्यानं जिवावर बेतू शकतं. चोखणी दोऱ्यानं गळ्यात बांधू नका, फास बसतो. फाटलेली चोखणी लगेच टाका, तिचा तुकडा घशात अडकू शकतो.

आणि एक गोष्ट गटातल्या सगळ्यांसाठी. शेजारच्या घरातून रात्री रडणं ऐकू आलं, तर सकाळी “का गं रडवलंस लेकराला?” असं विचारू नका. “आज संध्याकाळी घटकाभर मी सांभाळते, तू पाठ टेक,” असं म्हणा. त्या तीन-चार रात्री निभावायला आईलाही धीर लागतो.