खालची कवळी नाचते? दोन स्क्रूंचा आधार

साठी-सत्तरीतले बरेच रुग्ण माझ्याकडे अशक्तपणाची किंवा वजन घटल्याची तक्रार घेऊन येतात. "जेवता काय?" असे विचारले की उत्तर ठरलेले, "मऊ भात, वरण, दुधात कुस्करलेली पोळी." भाकरी, शेंगदाणे, काकडी केव्हाच सुटलेली असते. कवळी असते, पण डबीत! खालची कवळी तोंडात ठरतच नाही.

दोष बहुधा कवळी करणाऱ्याचा नसतो. दात गेले की त्यांना धरून ठेवणारे जबड्याचे हाड झिजू लागते. पहिल्या वर्षी झीज जास्त, पुढे मंद. पण थांबत नाही. वरच्या कवळीला टाळूचा पसरट आधार मिळतो. खालचीला मात्र घोड्याच्या नालासारखी अरुंद पट्टी आणि मध्ये सतत वळवळणारी जीभ. त्यात खालचे हाड वरच्यापेक्षा जास्त झिजते. त्यामुळे एकेकाळी घट्ट बसणारी कवळी नाचू लागते. कवळीला आतून नवे अस्तर लावून काही काळ भागते. आधी ते जरूर करून पाहावे.

त्यानेही भागले नाही तर इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचा टायटॅनियमचा छोटा स्क्रू. हाड या धातूला घट्ट धरून ठेवते. स्वीडनचे डॉ. ब्रॅनमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. सगळेच दात यावर बसवायचे म्हटले तर खर्च ऐकूनच माणूस खुर्चीतून उठतो. परंतु खालच्या कवळीला सुळ्यांच्या जागी दोन स्क्रू बहुधा पुरतात. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनीही खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा, असे मत दिले.

स्क्रूच्या डोक्यावर गोळी आणि कवळीत खोबण. ब्लाउजच्या टिचबटणासारखी कवळी बसते. रात्री ती काढून धुवायची. भूल जागेपुरतीच देतात. हाड धरायला साधारण तीन महिने लागतात. खोबणीतली नायलॉनची टोपी झिजली की बदलावी लागते. ते काम किरकोळ.

वय वाढले म्हणून हे करता येत नाही, असे नाही. खरी अडचण असते ती ताब्यात नसलेल्या मधुमेहाची, आणि तंबाखू-विडीची. मिश्री लावणाऱ्या आमच्या आयाबहिणीही यात आल्या. हाडे ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा इंजेक्शन घेत असाल तर दंतवैद्यांना आधी सांगा. त्यामुळे क्वचित जबड्याची जखम भरत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

खर्चाची चिंता असेल तर मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करावी. जाताना साखरेचा ताजा रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि डबीतली ती जुनी कवळी बरोबर न्यावी. पुष्कळदा तिच्यातच खोबणी करून काम भागते.