हौशी छायाचित्रकाराचा कॅमेरा

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर असतो. सिलिकॉनच्या या पातळ, चौकोनी तुकड्यावर उजेड ओळखणारे असंख्य सूक्ष्म बिंदू असतात. लेन्समधून आलेला उजेड त्यांवर पडला, की प्रत्येक बिंदूत त्या उजेडाच्या प्रमाणात विद्युतभार जमतो. या भारांची आकड्यांत मोजदाद होते आणि त्यातून छायाचित्र तयार होते. १९७५ साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने या तत्त्वावर चालणारा पहिला कॅमेरा बनवला. त्याचे वजन साडेतीन किलोच्या वर होते, चित्र कृष्णधवल आणि अवघ्या १०,००० बिंदूंचे होते, आणि ते कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लागत. आज साध्या फोनमधला कॅमेराही कोट्यवधी बिंदूंचे रंगीत चित्र डोळ्याचे पाते लवते तोवर साठवतो. त्यामुळे हौसेखातर नवा कॅमेरा घेताना बिंदूंची संख्या हा निकष आता फारसा उपयोगाचा राहिलेला नाही. काय टिपायचे आहे, ते किती दूर आहे, तिथे उजेड किती असेल आणि ते किती हलते, या प्रश्नांच्या उत्तरांवर निवड ठरते.

फोन कुठे अपुरा पडतो

भरपूर उजेडातले निसर्गदृश्य, घरातल्या माणसांचा एकत्र फोटो, ताटातले पदार्थ, प्रवासातल्या आठवणी या सगळ्यांसाठी चांगला फोन पुरेसा असतो. एका क्षणात अनेक चित्रे घेऊन ती एकमेकांत मिसळण्याचे काम फोनमधले सॉफ्टवेअर करते, म्हणून कडक ऊन आणि गडद सावली एकाच चौकटीत आली तरी दोन्हींतले बारकावे दिसतात.

अडचण येते ती चार ठिकाणी. पहिले ठिकाण अंतराचे. हिवाळ्यात उजनी जलाशयावर भिगवणला येणारे रोहित पक्षी होडीतूनही बरेच दूर असतात. फोनच्या लेन्सची पोच संपली, की पुढचे झूम डिजिटल असते, म्हणजे चित्राचा मधला भाग कापून मोठा केला जातो आणि पिसांच्या जागी रंगाचे ठिपके दिसतात. दुसरे ठिकाण अपुऱ्या उजेडाचे, जसे शाळेच्या सभागृहातले स्नेहसंमेलन किंवा रात्रीची विसर्जन मिरवणूक. तिसरे ठिकाण वेगाचे, जसे कबड्डीचा सामना किंवा अंगणात धावणारे मूल. चौथे ठिकाण अगदी लहान वस्तूंचे, जसे कासच्या पठारावरची सीतेची आसवे ही सेंटिमीटरभराची रानफुले. ज्याला यांपैकी एकाही ठिकाणी वारंवार जायचे नाही, त्याने नव्या कॅमेऱ्यावर पैसे खर्च करण्याची गरज नाही.

मेगापिक्सेलचा हिशेब

दहा लाख बिंदू म्हणजे एक मेगापिक्सेल. छापील चित्र हातात धरून पाहिले तरी स्वच्छ दिसावे यासाठी इंचाला ३०० बिंदू धरले जातात. या हिशेबाने ४ × ६ इंचांच्या नेहमीच्या प्रिंटला १२०० × १८०० म्हणजे सुमारे २.२ मेगापिक्सेल लागतात. पूर्ण ए-४ पानाला ८.७ मेगापिक्सेल पुरतात. फोर-के टीव्हीच्या पडद्यावर ८.३ मेगापिक्सेलच असतात. आजच्या बहुतेक नव्या कॅमेऱ्यांत २० ते २६ मेगापिक्सेल मिळतात, म्हणजे चित्राचा कडेचा भाग कापून टाकला तरी ए-४ प्रिंटपुरते बिंदू हाती राहतात. शिवाय संख्या दुप्पट झाली म्हणून बारकावे दुप्पट होत नाहीत. लांबी आणि रुंदी दोन्हींकडे दुप्पट बारकावा हवा असेल, तर बिंदू चौपट लागतात.

या आकड्यापेक्षा सेन्सरचे क्षेत्रफळ महत्त्वाचे आहे. पावसाचे पाणी साठवायला वाटीऐवजी परात ठेवावी, तसा मोठा सेन्सर त्याच वेळात अधिक उजेड गोळा करतो. उजेड कमी पडला की चित्रात रवाळपणा येतो, त्याला छायाचित्रकार ‘नॉइज’ म्हणतात. लहान सेन्सरच्या चित्रात तो लवकर दिसू लागतो.

साध्या झूम कॅमेऱ्यातला १/२.३ इंची सेन्सर जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा असतो. ‘एक इंची’ म्हणून ओळखला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटरचा असतो. त्याचे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतील नळ्यांच्या मापावरून आले आहे. मायक्रो फोर थर्ड्स सेन्सर २२५ चौरस मिलिमीटरचा, एपीएस-सी साधारण ३३० ते ३७० चा, आणि जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, ३६ × २४ मिलिमीटरचा फुल फ्रेम ८६४ चौरस मिलिमीटरचा असतो. सेन्सर मोठा झाला की त्याच्या लेन्सही मोठ्या, जड आणि महाग होतात. किंमत, वजन आणि चित्राची प्रत यांचा मेळ हौशी छायाचित्रकारासाठी बहुधा एपीएस-सी किंवा मायक्रो फोर थर्ड्समध्ये बसतो.

कॅमेऱ्याचे प्रकार

खिशात मावणारा कॉम्पॅक्ट कॅमेरा एके काळी घरोघरी होता. फोनने त्याची जागा घेतली. आता एक इंची किंवा त्याहून मोठा सेन्सर असलेला किंवा पाण्याखाली चालणारा असेल, तरच तो घेण्यात अर्थ आहे.

ब्रिज कॅमेऱ्याला एकच, न निघणारी लांब झूम लेन्स असते. २०१८ साली आलेल्या निकॉनच्या पी-१००० मध्ये १२५ पट ऑप्टिकल झूम होते, चंद्रावरची विवरे त्यात चौकट भरून दिसत. पण त्याचा सेन्सर १/२.३ इंची होता आणि वजन १.४ किलो. भर उन्हात पक्षी पाहणाऱ्याला असा कॅमेरा कमी खर्चात समाधान देतो, मात्र पहाटेच्या धुक्यात किंवा जंगलाच्या सावलीत तो थकतो.

डीएसएलआरमध्ये लेन्समागे आरसा असतो. तो उजेड वरच्या व्ह्यूफाइंडरकडे वळवतो आणि बटण दाबताच वर उचलला जातो. २००८ साली पॅनासॉनिकने हा आरसा काढून टाकलेला जी-१ हा पहिला मायक्रो फोर थर्ड्स कॅमेरा आणला. मिररलेस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात सेन्सरवर दिसणारे दृश्यच डोळ्याजवळच्या छोट्या पडद्यावर दिसते, त्यामुळे चित्र उजळ येणार की काळपट, हे बटण दाबण्यापूर्वीच कळते. २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन यांनीही फुल फ्रेम मिररलेस कॅमेरे आणले आणि नव्या लेन्सचा ओघ तिकडे वळला. नवा कॅमेरा घेणाऱ्याने मिररलेसच घ्यावा. वापरलेला घेणाऱ्याला मात्र डीएसएलआर आणि त्याच्या लेन्स बऱ्याच स्वस्तात मिळतात, आणि त्यांची चित्रे काल होती तितकीच आजही चांगली येतात.

लेन्स

कॅमेऱ्याची बॉडी पाच-सात वर्षांत जुनी वाटू लागते, चांगली लेन्स मात्र दोन-तीन बॉडींना पुरते. बहुतेक कंपन्यांचा माउंट, म्हणजे लेन्स बसवण्याची खाच, वेगळा असतो. एकाच्या लेन्स दुसऱ्याला सहसा थेट बसत नाहीत. म्हणून बॉडी निवडताना पुढे लागणाऱ्या लेन्स त्या माउंटमध्ये आहेत का, कोणत्या किमतीला आहेत आणि गावातल्या ओळखीच्या छायाचित्रकारांकडे त्याच माउंटच्या लेन्स आहेत का, हे आधी पाहावे.

लेन्सवर दोन आकडे असतात. पहिला फोकल लेंग्थचा, मिलिमीटरमध्ये. १८ मिलिमीटरला दृश्याचा मोठा पट्टा मावतो, ३०० मिलिमीटरला दूरची वस्तू जवळ येते. दुसरा आकडा अॅपर्चरचा. फोकल लेंग्थला या आकड्याने भागले, की उजेड आत येण्याच्या भोकाचा व्यास मिळतो, म्हणून आकडा लहान तितके भोक मोठे. कॅमेऱ्यासोबत येणारी १८–५५ ची किट लेन्स ५० मिलिमीटरवर एफ/५.६ च्या आसपास असते, तिथे हा व्यास ९ मिलिमीटर भरतो. ५० मिलिमीटर एफ/१.८ च्या लेन्सचा तो २८ मिलिमीटर भरतो आणि उजेड जवळजवळ दहापट येतो. सभागृहात किट लेन्सने सेकंदाच्या तिसाव्या भागात येणारे आणि नाचणाऱ्या मुलीचे हात पुसट दाखवणारे चित्र या लेन्सने तीनशेव्या भागात घेता येते. एवढा फरक नवी बॉडी घेऊनही पडत नाही, आणि ५० किंवा ३५ मिलिमीटरची एफ/१.८ ही बहुतेक कंपन्यांच्या स्वस्त लेन्सपैकी असते.

पक्ष्यांसाठी एपीएस-सी बॉडीवर ७०–३०० सारखी झूम लेन्स ही सुरुवात ठरते. रानफुले आणि कीटकांसाठी मॅक्रो लेन्स लागते. ती वस्तूची प्रतिमा सेन्सरवर मूळ आकाराएवढी पाडू शकते, म्हणजे सेंटिमीटरभराचे फूल एपीएस-सी सेन्सरच्या सुमारे १५ मिलिमीटर उंचीचा दोन तृतीयांश भाग व्यापते. मुलांसाठी आणि घरगुती समारंभांसाठी किट लेन्ससोबत एक एफ/१.८ पुरे.

दुकानात काय पाहावे

कॅमेरा हातात घेऊन पाहिल्याशिवाय विकत घेऊ नये. मूठ नीट बसते का, बटणांपर्यंत बोटे पोहोचतात का, चष्मा लावून व्ह्यूफाइंडरमधले दृश्य कडेपर्यंत दिसते का, हे तपासावे. काही हलक्या कॅमेऱ्यांना व्ह्यूफाइंडर नसतो आणि भर उन्हात मागच्या पडद्यावर काहीच दिसत नाही. गडकिल्ल्यांवर जाणाऱ्याने लेन्ससह वजन पाहावे. चढणीवर जड वाटणारा कॅमेरा पुढच्या खेपेला घरीच राहतो.

दुकानातल्या चालत्या माणसावर फोकस धरून पाहावा. आजचे मिररलेस कॅमेरे चेहरा आणि डोळा ओळखून त्यावर फोकस टिकवतात, काही पक्षी आणि प्राण्यांचे डोळेही ओळखतात. धावणाऱ्या मुलाला सेकंदाचा पाचशेवा भाग आणि उडत्या पक्ष्याला हजारावा किंवा त्याहून लहान भाग लागतो. स्टॅबिलायझेशन हाताचा कंप सावरते, समोरच्या वस्तूची हालचाल मात्र थांबवत नाही, हे विक्रेत्याचे बोलणे ऐकताना लक्षात ठेवावे.

रॉ फाइलची सोय असावी. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा साठतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. काळपट आलेले चित्र नंतर उजळायचे असेल, तर हा साठा कामी येतो. २४ मेगापिक्सेलच्या सुमारे २००० रॉ फाइल ६४ जीबीच्या कार्डात मावतात. कार्ड, जादा बॅटरी आणि बॅग यांचे पैसे सुरुवातीलाच बाजूला काढावेत. सगळे पैसे बॉडीत घालून लेन्सला काही न उरणे ही पहिल्या खरेदीतली नेहमीची चूक आहे.

भारतात कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. बिलाशिवाय किंवा परदेशातून परभारे आणलेला माल स्वस्त पडतो, पण भारतातील अधिकृत सेवा केंद्राकडून त्याला बहुधा वॉरंटी मिळत नाही. वापरलेला कॅमेरा घेताना शटर किती वेळा चालले आहे ते विचारावे. साध्या डीएसएलआरचे शटर सर्वसाधारणपणे १ लाख चित्रांच्या हिशेबाने बनवलेले असते. पांढऱ्या भिंतीचे एफ/१६ वर चित्र घेतले, की सेन्सरवरची धूळ ठिपक्यांच्या रूपात दिसते. लेन्समधून टॉर्चचा झोत टाकून बुरशी आहे का ते पाहावे.

पावसाळ्याची काळजी

मुंबई, कोकण आणि गोवा इथे लेन्सचा खरा शत्रू दमट हवा. हवेतली आर्द्रता दीर्घकाळ ६०–७० टक्क्यांच्या वर राहिली, की भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. ती काचेवरचा लेप खाते आणि साफ केल्यावरही डाग राहतात. चामड्याची किंवा कापडी बॅग ओल धरून ठेवते. म्हणून जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कॅमेरा आणि लेन्स घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवाव्यात. रंग बदलणारे जेल घ्यावे, ओलावा शोषून रंग पालटला की ते गरम करून पुन्हा वापरता येते. वातानुकूलित खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा बॅगेतच काही वेळ राहू द्यावा, नाहीतर थंड काचेवर दव साचते.

महिनोन्‌महिने अंधाऱ्या कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी सर्वांत आधी धरते. दर आठवड्याला उन्हावाऱ्यात बाहेर निघणारी लेन्स तिच्या तावडीतून बहुधा सुटते.